आरोग्याचा ताळेबंद : न वटलेली हुंडी

अण्णांचा, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंचा, एक प्रश्न गेली चार वर्षे माझी पाठ सोडत नाही. अण्णांचा सांगलीत हळदीचा व्यापार. मधुमेह पंधरा वर्षांचा. गोळ्या नियमित, चहा बिनसाखरेचा, सकाळचे फिरणेही बऱ्यापैकी चालू. एकच गोष्ट ते दर वर्षी पुढे ढकलीत आले. ती म्हणजे डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. "हंगाम आटोपला की जाऊ," हे त्यांचे ठरलेले उत्तर. नवी हळद आली की सौदे, सौदे संपले की वसुली, वसुली होते न होते तोच दिवाळी. अशी तीन वर्षे गेली. मग एका सकाळी पेढीवर हिशोब वाचताना उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगू लागले आणि दुपारपर्यंत त्या डोळ्यावर तांबूस पडदा उतरला.

नेत्रतज्ज्ञांनी सांगितले, की दृष्टिपटलावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या होत्या आणि त्यांतील एक फुटून डोळ्यात रक्त पसरले आहे. डोळ्यात इंजेक्शने झाली, लेसर झाले. दृष्टी बरीचशी परत आली. सगळी आली नाही. त्याच डॉक्टरांनी जाता जाता बजावले, "डोळ्याची ही स्थिती असेल तर हृदयही एकदा पाहून घ्या." पाहिले, तर हृदयाला रक्त पुरविणाऱ्या तीन धमन्या अरुंद झालेल्या. अशा वेळी पुष्कळ रुग्णांच्या हृदयात अडथळ्याला वळसा घालणाऱ्या बारीक वाहिन्या निसर्गच वाढवितो. अण्णांच्या चित्रफितीत त्या अगदीच तुरळक होत्या. बायपास शस्त्रक्रिया करावी लागली.

शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर अण्णांनी मला विचारले, "अरे, डोळ्यात नको असताना शिरा उगवल्या, आणि हृदयात हव्या होत्या तिथे एकही नीट उगवली नाही. शरीर एकच, रक्त एकच. मग हा न्याय कसला?"

मी बँकेतला माणूस. वैद्यकाचे शिक्षण मला नाही. तरी हा प्रश्न हिशोबाचा वाटला आणि मी वाचू लागलो. जे समजले ते आपल्या व्यापारी घरांतील भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा प्रश्न एकट्या अण्णांचा नाही.

प्रथम निरोगी शरीरातील व्यवहार पाहू. एखाद्या ऊतीला प्राणवायू कमी पडू लागला, की तिच्या पेशींना ते कळते. हे कसे कळते, याचा उलगडा करणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्राणवायूची टंचाई जाणवली की त्या पेशी एक प्रथिन तयार करून बाहेर सोडतात. त्याचे नाव व्हॅस्क्युलर एन्डोथेलियल ग्रोथ फॅक्टर, संक्षेपाने व्हीईजीएफ. जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर त्याला स्वीकारणारी ग्राहके असतात. तिथे ते पोहोचले, की अस्तराच्या पेशी वाढू लागतात, पुढे सरकतात आणि नवी केशवाहिनी फुटते. आपल्या भाषेत सांगायचे, तर टंचाईत सापडलेल्या ऊतीने रक्तवाहिनीवर काढलेली ही दर्शनी हुंडी होय. हुंडी वटली, की पुरवठ्याची नवी वाट तयार होते.

या हुंडीचा शोध टप्प्याटप्प्याने लागला. डोळ्यातील उपाशी दृष्टिपटलातून कोणता तरी पसरणारा पदार्थ निघत असावा आणि तोच नव्या वाहिन्या उगवीत असावा, असे आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञांनी १९४८ मध्येच सुचविले होते. १९७१ मध्ये बॉस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी कर्करोगाच्या गाठीही असाच संदेश पाठवून स्वतःसाठी रक्तपुरवठा मिळवितात, असा विचार मांडला. १९८३ मध्ये डोनाल्ड सेंगर आणि हॅरॉल्ड ड्वोरॅक यांना रक्तवाहिन्या पाझरायला लावणारे एक प्रथिन सापडले. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओने फेरारा यांनी वाहिन्या वाढविणारे प्रथिन वेगळे केले आणि त्याला व्हीईजीएफ हे नाव दिले. पाझरविणारे आणि वाढविणारे ही दोन्ही प्रथिने एकच आहेत, हे त्यानंतर स्पष्ट झाले. ही दुहेरी ओळख ध्यानात ठेवावी. अण्णांच्या डोळ्याचे रहस्य तिच्यातच आहे.

या पेढीवर आणखी दोन मंडळी काम करतात. अँजिओपॉएटिन-१ हे प्रथिन वाहिनीची भिंत घट्ट व शांत ठेवते. अँजिओपॉएटिन-२ बहुतेक वेळा त्याच्या उलट वागते. भिंत सैल करते. नवी फांदी फुटण्यासाठी भिंत थोडी सैल व्हावीच लागते, म्हणून दोघांचीही गरज आहे. पण सैल करणाऱ्याचा अंमल कायमचाच झाला, तर भिंती गळू लागतात. याशिवाय व्हीईजीएफचे एक ग्राहक सुट्या स्वरूपात रक्तात फिरत असते आणि ते हुंडी वाटेतच अडवून ठेवते. मागणी, पुरवठा आणि आवर या तिन्हींचा तोल राहिला, की सारे सुरळीत चालते.

आता मधुमेहाकडे येऊ. दीर्घकाळ वाढलेली साखर दृष्टिपटलातील केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मारते. वाहिन्या एकेक करून बंद पडतात. दृष्टिपटल हे शरीरातील सर्वांत अधिक प्राणवायू खाणाऱ्या ऊतींपैकी एक. त्याचे मोठमोठे पट्टे उपाशी राहू लागले, की ते हुंडीवर हुंडी लिहीत सुटते. डोळा ही बंद खोली. तिथे हे प्रथिन साचत जाते. १९९४ मध्ये अमेरिकेतील लॉइड आयेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या डोळ्यांतील द्रव तपासला. ज्यांच्या पडद्यावर नव्या वाहिन्या जोमाने उगवत होत्या, त्यांच्या डोळ्यात व्हीईजीएफ पुष्कळ वाढलेले आढळले. लेसर यशस्वी झाल्यावर ते उतरले. डोळ्यात हुंडी वटते खरी, पण घाईने उभारलेला तो माल कच्चा असतो. नव्या वाहिन्या पाझरतात, फुटतात आणि पडद्याला ओढून धरतात.

हृदयात उलट घडते. धमनी हळूहळू अरुंद होत गेली, तर तिथेही मागणी जाते. परंतु हृदयाला वळसा घालणारी उपयुक्त वाहिनी तयार व्हायची, तर केवळ केशवाहिनी फुटून भागत नाही. आधीपासून असलेली बारीक वाट रुंद करावी लागते, तिच्या भिंतीला स्नायूंचा थर द्यावा लागतो आणि या कामावर रक्तातील मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना यावे लागते. २००० मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखविले, की निरोगी माणसाच्या मोनोसाइट व्हीईजीएफच्या दिशेने धावतात. मधुमेही रुग्णांच्या मात्र त्या हाकेला नीट ओ देत नाहीत. शिवाय मधुमेहात वाहिनीच्या अस्तरातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड कमी होतो. वाहिन्या रुंद होण्यासाठी तो हवा असतो. काही अभ्यासांत मधुमेही रुग्णांच्या हृदयात अशा पर्यायी वाहिन्या इतरांपेक्षा कमी आढळल्या आहेत. थोडक्यात, हुंडी लिहिली जाते, पोहोचतेही. पण ज्या पेढीवर ती काढली, तिथे ती वटत नाही.

अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. संदेश एकच असला, तरी डोळ्यात तो अति झाला आणि हृदयात तो कोणी ऐकला नाही. दोन्हीकडच्या नुकसानीला मुख्य कारण एकच : वर्षानुवर्षे वाहिन्यांच्या अस्तराने सोसलेली साखर, रक्तदाब आणि चरबी.

हे सारे मी अण्णांना समजावून सांगत असताना माझा पुतण्या शेजारी बसला होता. त्याचे वय छत्तीस, साखर नुकतीच सीमेवर आलेली. त्याने लगेच विचारले, "काका, मग हे व्हीईजीएफ रक्तात मोजता येत असेल ना? माझे मोजून घेऊ या. वाढलेले निघाले तर आधीच सावध होता येईल."

प्रश्न रास्त होता. बँकेतही आम्ही हेच करीत असू. कर्जखाते नव्वद दिवस थकले, की ते अनुत्पादित ठरते. पण त्याआधी तीस आणि साठ दिवसांच्या टप्प्यांवर खात्यावर विशेष लक्ष ठेवण्याची खूण होते. खाते बुडाल्यावर रडण्यापेक्षा खूण दिसताच कर्जदाराला बोलावणे शहाणपणाचे. रक्तातील हे घटक अशाच खुणा ठरतील का, याचा शोध संशोधक बऱ्याच काळापासून घेत आहेत. २००४ मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी मधुमेही रुग्णांच्या रक्तात व्हीईजीएफ आणि अँजिओपॉएटिन-२ ही दोन्ही निरोगी माणसांपेक्षा अधिक असल्याचे प्रसिद्ध केले. साखर, रक्तदाब, चरबी अशा सर्व बाजूंनी काटेकोर उपचार केल्यावर व्हीईजीएफ उतरल्याचेही त्यांना दिसले.

तरीही मी पुतण्याला ती तपासणी करू दिली नाही. त्याची कारणे वाचकांनी नीट समजून घ्यावीत, कारण नवनव्या तपासण्यांच्या जाहिराती आता घरोघर येत असतात.

पहिले कारण मोजमापाचे. व्हीईजीएफचा मोठा साठा रक्तातील बिंबिकांमध्ये, म्हणजे प्लेटलेटमध्ये असतो. नळीत रक्त गोठले, की बिंबिका तो बाहेर सोडतात. त्यामुळे गोठलेल्या रक्ताच्या वरचे पाणी तपासले तर एक आकडा येतो आणि गोठू न दिलेल्या रक्ताचे तपासले तर दुसराच, पुष्कळ कमी येतो. ज्या तराजूचे काटे नळीगणिक बदलतात, त्यावर सौदा कोण करील?

दुसरे कारण अर्थाचे. हृदयविकाराचा झटका आल्यावर पुढील काही दिवस व्हीईजीएफ वाढते. कर्करोगात वाढू शकते. शरीरात कुठे दाह असला तरी वाढू शकते. आकडा वाढलेला दिसला, तरी हुंडी कोणत्या गावाहून आली, हे त्यावर लिहिलेले नसते. डोळ्यात साचलेले प्रथिन हातातून काढलेल्या रक्तात त्याच प्रमाणात उतरते, असेही नाही. आणि मागणी वाढली याचा अर्थ ती वटली की नाही, हे तर त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही.

तिसरे कारण सर्वांत व्यवहारी. आकडा कळल्यावर डॉक्टर वेगळे काय करतील? आज तरी काही नाही. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवा, तंबाखू सोडा, हेच सांगतील. आणि ते सांगण्यासाठी या तपासणीची आवश्यकता नाही. म्हणूनच मधुमेहाच्या वा हृदयरोगाच्या नेहमीच्या तपासण्यांत व्हीईजीएफचा समावेश नाही. संशोधकांच्या प्रयोगशाळेत त्याचे मोल मोठे आहे. आपल्या घरच्या फायलीत नाही.

या ज्ञानाचा उपयोग झालाच नाही, असे मात्र कोणी समजू नये. अण्णांच्या डोळ्यात दिलेले इंजेक्शन याच शोधाचे फळ. व्हीईजीएफला पकडून निष्प्रभ करणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी संमत झाले. पुढे रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही खास डोळ्यांसाठीची औषधे आली. २०२२ मध्ये व्हीईजीएफ आणि अँजिओपॉएटिन-२ या दोघांनाही एकाच वेळी अडविणारे फॅरिसिमॅब अमेरिकेत मान्य झाले. ज्या अवस्थेत पूर्वी दृष्टी जाणे जवळजवळ ठरलेले असे, तिथे आज ती पुष्कळ अंशी वाचविता येते.

डोळ्यात हे प्रथिन अडविणे लाभदायक, तर हृदयात ते बाहेरून देणे लाभदायक ठरावे, असे कोणालाही वाटेल. तेही करून पाहिले गेले. अमेरिकेत १७८ हृदयरुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हिव्हा' चाचणीत काहींना व्हीईजीएफ आणि काहींना औषधविरहित द्रव देण्यात आला. साठ दिवसांनी चालत्या पट्ट्यावरील क्षमता मोजली, तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. उलट, कर्करोगाच्या रुग्णांना शिरेतून व्हीईजीएफरोधक औषध दिले असता काहींचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिन जाऊ लागते, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. म्हणजे हे प्रथिन सरसकट शत्रूही नाही आणि सरसकट मित्रही नाही. शरीराच्या या व्यवहारात बाहेरून एकच आकडा बदलून ताळेबंद जुळत नाही.

मग जुळतो कशाने? याचे उत्तर कोपनहेगनच्या स्टेनो मधुमेह केंद्रात मिळते. तिथे टाइप २ मधुमेहाच्या, लघवीतून किंचित प्रथिन जाऊ लागलेल्या १६० रुग्णांचे दोन गट केले. एकाला त्या काळचे नेहमीचे उपचार. दुसऱ्याला साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सर्व बाजूंनी एकत्र, काटेकोर उपचार. सुमारे आठ वर्षांनंतर, २००३ मध्ये, दुसऱ्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचा धोका जवळपास निम्मा झालेला आढळला. एकवीस वर्षांच्या पाठपुराव्यात त्या गटाचे आयुर्मान सुमारे आठ वर्षांनी अधिक भरले. ही कमाई कोणत्याही एका जादूच्या औषधाची नव्हती. रोजच्या साध्या नोंदींची होती.

म्हणून पुतण्याला मी पाच ओळींचे कोष्टक करून दिले. एचबीए१सी : तांबड्या रक्तपेशीवर चढलेल्या साखरेवरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही तपासणी. आमच्या नव्वद दिवसांच्या नियमाशी तिचे नाते पाहून मला गंमत वाटली. बहुतेकांसाठी ती सात टक्क्यांखाली असावी. वृद्धांचे लक्ष्य डॉक्टर वेगळे ठरवितात. रक्तदाब : साधारणतः १३०/८० च्या खाली. एलडीएल कोलेस्टेरॉल : डॉक्टरांनी ठरविलेल्या मर्यादेत. लघवीतील अल्ब्युमिन : वर्षातून एकदा, क्रिएटिनिनशी त्याचे प्रमाण ३० च्या वर गेले तर सावध व्हावे. आणि डोळ्यांचा पडदा : टाइप २ मधुमेहाचे निदान होताच आणि त्यानंतर दर वर्षी, बाहुली मोठी करून. चष्म्याचा नंबर तपासणे म्हणजे ही तपासणी नव्हे. दृष्टी उत्तम असतानाही पडदा बिघडलेला असू शकतो. अण्णांना आदल्या दिवसापर्यंत बारीक अक्षर वाचता येत होते.

आणखी तीन सूचना. साखर पुष्कळ वाढलेली असताना ती झपाट्याने उतरविली, तर आधीच बिघडलेला पडदा काही काळ अधिक बिघडू शकतो; म्हणून उपचार कडक करण्यापूर्वी डोळे दाखवावेत. मधुमेहात हृदयाचे दुखणे छातीत न जाणवता जिना चढताना दम, अकारण थकवा वा घाम या रूपाने येऊ शकते; घरातील स्त्रियांच्या बाबतीत तर ते हमखास दुर्लक्षिले जाते. आणि पर्युषणातील उपवासांचा संकल्प करण्यापूर्वी मधुमेही व्यक्तीने आपल्या डॉक्टरांना भेटावे. काही गोळ्यांनी व इन्शुलिनने उपाशीपोटी साखर धोकादायक उतरते; लघवीवाटे साखर टाकणाऱ्या काही नव्या गोळ्या निर्जल उपवासात वेगळा धोका निर्माण करतात. गोळी मनाने बंद करू नये, आणि मनाने चालूही ठेवू नये.

शेवटी स्वतःविषयी एक कबुली. पस्तीस वर्षे मी लोकांची खाती तपासली. अण्णांच्या दुकानाचा ताळेबंद तर दर वर्षी माझ्याच हाताखालून जाई. येणे किती थकले, माल किती पडून आहे, हे मी त्यांना खोदून खोदून विचारीत असे. "अण्णा, पडदा केव्हा दाखवला?" हे मात्र तीन वर्षांत एकदाही नेटाने विचारले नाही. त्यांच्या डोळ्याची जी दृष्टी गेली, तिच्या हिशोबात माझ्याही नावे काही रक्कम आहे, असे मी मानतो.

आता दर पाडव्याला नवी वही उघडली, की पहिल्या पानावर आम्ही घरातील मधुमेही मंडळींची नावे आणि डोळे तपासल्याच्या तारखा लिहितो. यंदा पाच नावे होती. चार तारखा भरलेल्या होत्या. पाचवी पुतण्याची, त्याला म्हटले, "हंगामाचे कारण चालणार नाही." दुसऱ्याच दिवशी त्याला स्वतः सोबत घेऊन गेलो. वाचकहो, आपल्याही घरच्या वहीचे एक पान यासाठी ठेवावे, ही विनंती.